अनूची तहान आणि आग्र्याची अर्धी वाट

दिल्लीहून परत आले तेव्हा गल्लीतल्या बायकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "बाई, ताजमहाल पाहिला का?"

म्हटलं, "नाही. निम्म्या वाटेवरून गाडी मागे फिरवली. मीच फिरवायला लावली."

मग काय, चौघीजणी ओट्यावर ठाण मांडून बसल्या आणि मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. तेच आता कागदावर उतरवते आहे. ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांनी तरी वाचावं.

मी नगरची. एकतीस वर्षं नगरपालिकेच्या बालवाडीत शिकवलं आणि दिल्लीला गेले त्याच वर्षी जूनमध्ये निवृत्त झाले. नाशिक-मुंबईपलीकडे कधी गेले नव्हते. मुलगी रेखा लग्न होऊन दिल्लीला गेली त्याला सात वर्षं झाली होती, पण एरवी सुट्टीत तीच यायची. या वेळी तिने पत्रात लिहिलं, "आई, आता तुला सुट्टीच सुट्टी आहे. नवीन घर झालंय. ये." ओळीच्या खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती : "अनूचं थोडं बघायचंय. सारखी शू शू करते." मी ती वाचली आणि हसले. सारखी शू शू करणारी पोरं मी आयुष्यभर पाहिली होती.

नोएडा

प्रवासाचे दोन दिवस सांगत नाही. गाडीत सगळ्यांचेच जातात तसे गेले. नवी दिल्ली स्टेशनवर रेखा, जावई अशोकराव आणि अनू तिघंही आले होते. अनूचं पूर्ण नाव अनुग्रहा. साडेचार वर्षांची. दीड वर्षापूर्वी पाहिली होती तेव्हा गालांचे लाडू होते. आता गाल उतरलेले दिसले. उंची वाढली की मुलं वाळतात, असं मी मनाशी म्हटलं.

पहाडगंजच्या बाजूने बाहेर पडलो. हॉटेलांच्या पाट्या, रजयांचे ढीग, हातगाड्या आणि रिक्षावाल्यांची ओढाओढ. शंभर पावलं गेलो नाही तोच अनूने माझं बोट ओढलं.

"आजी, सुसू."

"आत्ताच तर स्टेशनवर गेली होतीस!" रेखा म्हणाली.

"फिरसे आली."

एका रजईवाल्या सरदारजींनी दुकानाच्या मागची मोरी दाखवली. परत येताना अनू त्यांच्या माठापाशी थबकली आणि दोन पेले पाणी गटगट प्यायली. सरदारजी कौतुकाने हसले. रेखा मात्र ओशाळली होती. "सवय लागलीय तिला, आई. दिवसातून वीस-वीस वेळा. मी वैतागलेय."

पुलावरून यमुना ओलांडली की दिल्ली संपते आणि नोएडा लागतं. संपते म्हणायचं, पण खरं तर तिथे सगळं सुरूच होत होतं. रस्ते इतके सरळ की आमच्या नगरच्या माणसाला रस्ता चुकल्यासारखंच वाटावं. घराला गल्लीचं नाव नाही, सेक्टरचा आकडा. एका बाजूला चार मजली नवीन इमारती, दुसऱ्या बाजूला उसाचं शेत आणि मध्ये विटांचे ढिगारे. वीज गेली की सगळ्या गच्च्यांवरून जनरेटर धडधडायचे. रेखाचं घर तिसऱ्या मजल्यावर. दारावर पितळी पाटी, तीत अशोकरावांच्या नावाशेजारी तिचंही नाव. मी पिशव्या खाली ठेवून ती पाटी पदराने पुसली. पुसायची गरज नव्हती, चकचकीतच होती.

अशोकराव दिल्लीतच वाढलेले. वडील सरकारी नोकरीत, लहानपण सरकारी क्वार्टरमध्ये गेलेलं. त्यांचं मराठी गोड, पण हिंदीत घोळवलेलं. नव्याने निघालेल्या एका कॉम्प्युटर कंपनीत होते आणि दर वाक्यात एकदा म्हणायचे, "आई, आता जमाना बदलतोय, बिल्कुल बदलतोय." घरात टीव्हीवर तीस-चाळीस वाहिन्या दिसायच्या. आणि अनूला 'तहान' हा शब्द येत नव्हता. "आजी, प्यास लागली," म्हणायची. मी तिला शिकवलं : तहान. ती म्हणाली, "आजी, मला तहान खूप येते." लागते, म्हटलं. येत नाही, लागते.

बालवाडीचं शहाणपण

इथे थोडं माझ्या धंद्याचं सांगते.

आमच्या बालवाडीत शूला जायचं असलं की मूल करंगळी वर करतं. पस्तीस मुलं, एक मोरी आणि मी. एकतीस वर्षांत किती करंगळ्या पाहिल्या त्याचा हिशोब नाही. कुणाला खरंच लागलीय आणि कुणाला माझ्या गोष्टीचा कंटाळा आलाय, हे मला करंगळीच्या वेगावरून कळायचं. घरात नवं भावंड आलं की मूल सारखं जातं. बाई रागावल्या, आईबाप भांडले, थंडी पडली, शेजारचा मित्र गेला, की जातं. पोट साफ नसलं तरी जातं. अशी मुलं दहा-दहा मिनिटांनी जातात, चार थेंब करतात आणि परत येतात. खेळात रमली की तासभर आठवण होत नाही. झोपली की सकाळपर्यंत कोरडी. त्यांना रागवायचं नसतं. आठ-पंधरा दिवस दुर्लक्ष केलं, जवळ घेतलं, की आपोआप थांबतं. तरी जरा जास्तच झालं तर आईला सांगून मी लघवी तपासायला लावायचे. जळजळ, ताप, पोटात दुखणं, वास किंवा लाल रंग दिसला तर त्याच दिवशी दवाखान्यात पाठवायचे.

अनूकडे मी आधी त्याच नजरेने पाहिलं. तिची शाळा इंग्रजी, नवी कोरी, रंगीत झोपाळ्यांची. तिथल्या बाई मधल्या सुट्टीशिवाय जाऊ देत नसत, म्हणून ती दोनदा वर्गात ओली झाली होती. मुलं हसली होती. मला वाटलं, सापडलं कारण! भीती बसलीय पोरीला. मार्केटातल्या डॉक्टरांनी न तपासताच पातळ औषध दिलं होतं आणि म्हणाले होते, थंडी सुरू होतेय, होतं असं. रेखाने तिचं पाणी कमी केलं होतं. संध्याकाळनंतर अर्धाच पेला.

पण चार दिवसांत माझा हिशोब जुळेना.

अनू चार थेंब करत नव्हती. दर वेळी भरपूर करायची, मोठ्या माणसासारखी. खेळात रमली तरी उठून जायची. दोन वर्षं कोरडी झोपणारी मुलगी आता रोज सकाळी ओल्या अंथरुणात उठायची आणि आईकडे न बघता बाथरूममध्ये जाऊन उभी राहायची. एकदा मी पाहिलं तर बादलीतलं पाणी ओंजळीने पीत होती. मला बघून दचकली. "मम्मीला नको सांगू."

मी नाही रागावले. स्वयंपाकघरात नेऊन तिला पोटभर पाणी दिलं. रेखाला मात्र सांगितलं, "काही झालं तरी पोरीचं पाणी तोडू नकोस. कारण पाण्यात नाहीये, कारण दुसरं आहे."

"काय दुसरं, आई?"

मला नाव ठाऊक नव्हतं. फक्त एवढं कळत होतं की ही करंगळी माझ्या ओळखीची नाही.

कोपर्निकस मार्ग

रेखाचं ऑफिस कस्तुरबा गांधी मार्गाच्या बाजूला. केंद्र सरकारची नोकरी, परीक्षा देऊन मिळवलेली. एका शुक्रवारी तिने मला आणि अनूला तिकडे नेलं. रुंद रस्ते, कडुनिंबांची सावली, गोल गोल चौक. चपराशापासून साहेबापर्यंत सगळे तिला 'रेखाजी' म्हणत होते. एका वयस्क साहेबांनी तिच्या टेबलापाशी उभं राहून एक फाईल समजावून मागितली आणि तिने ती हिंदीत अशी झरझर समजावली की मी ऐकतच राहिले. नगरला ही मुलगी पाहुण्यांसमोर यायला लाजायची.

दुपारी कोपर्निकस मार्गावर गेलो. तिथे आपल्या राज्याचं जुनं अतिथिगृह आहे. ऑफिसातली मराठी माणसं तिकडे जमतात. त्यांच्यात बसून पोळी, मटकीची उसळ आणि साधं वरण खाल्लं. दिल्लीत दोन आठवडे मुळ्याचे पराठे, छोले, राजमा खाऊन झाले होते. चव वाईट नव्हती, पण वरण समोर आल्यावर डोळे भरले. अनूने दोन पोळ्या, दोन वाट्या वरण आणि माझ्या पानातली उसळही संपवली.

"बघ, खाते किती," रेखा म्हणाली. "आजारी मूल एवढं खाईल का?"

मी अनूच्या फ्रॉककडे पाहत होते. बाहीतून दंड काडीसारखा बाहेर आला होता. एवढं खाऊन पोरगी वाळत होती. जेवण होईपर्यंत ती चार वेळा उठली. परत निघताना तिला पायऱ्या चढवेनात. "आजी, उचल."

मी रेखाला म्हटलं, "सोमवारी मोठ्या दवाखान्यात दाखवू."

"दाखवू. पण उद्या आग्र्याला जायचंय ना. अशोकने किती दिवसांपासून ठरवलंय. तुझ्यासाठी."

मी हो म्हटलं. ही माझी चूक. ओठांवर आलेली गोष्ट जावयाच्या उत्साहापुढे गिळली.

मथुरा रोड

शनिवारी उजाडता उजाडता निघालो. अशोकरावांची पांढरी मारुती, मागे मी आणि अनू, डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. फरिदाबादच्या कारखान्यांच्या चिमण्या धुक्यातून डोकावत होत्या. त्यांच्यापुढे मैलच्या मैल सपाट हिरवं रान. आमच्याकडे नजर कुठे ना कुठे डोंगराला अडते. इथे अडायला काहीच नाही. उंटाच्या गाड्या कडबा घेऊन रस्त्याच्या कडेने चालल्या होत्या. एरवी मी त्या बघत बसले असते.

पलवल यायच्या आत गाडी पाच वेळा थांबली. पाचव्या वेळी अशोकरावांनी सुस्कारा टाकला, पण दार उघडायला स्वतः उतरले. मनाने फार चांगला माणूस. अनू माझ्या मांडीवर आडवी झाली. उंट दाखवला तर तिने डोळेही उघडले नाहीत. "पोट दुखतंय," म्हणाली.

पलवलच्या पुढे एका ढाब्यावर उतरलो. बाजा टाकलेल्या, तंदूर पेटलेला, बाजूला हातपंप. गरम पराठ्यावर लोण्याचा गोळा आला. अनूने त्याला हात लावला नाही. हातपंपाशी गेली, एक पेला, दुसरा पेला, तिसरा पेला. बाजेवर हुक्का ओढत बसलेले एक म्हातारे गृहस्थ, ढाबेवाल्याचे वडील असावेत, मला म्हणाले, "माई, छोरी कै घणी प्यास लाग री सै."

म्हणजे पोरीला फारच तहान लागलीय. आणि तेवढ्यात अनू तिथेच ओकली. नुसतं पाणी.

मी धावले, तोंड पुसलं, तिला छातीशी धरलं. तिचा श्वास माझ्या तोंडावर आला. त्याला वास होता. ओकारीचा नव्हे. टोपलीत राहून सडायला आलेल्या फळांचा असतो तसा गोडसर, उग्र वास. आणि ती श्वास घेत होती तो खोल, भराभर, धावून आल्यासारखा. धावली तर नव्हती.

आमच्या बालवाडीत अशी एक मुलगी होती. पुष्कळ वर्षांपूर्वी. सगळे म्हणाले जंत झालेत. मीही तेच म्हटलं होतं. तिच्या तोंडाला असा वास येत होता, हे मला ती गेल्यावर तिच्या आईने सांगितलं होतं. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. पण ढाब्यावर मला तिचीच आई दिसली.

"अशोकराव, गाडी मागे घ्या," मी म्हटलं.

"आई, गाडी लागली तिला. मोशनमध्ये होतं असं. अब तो दोन तासांत पोहोचू. तिथे आराम करेल, बिल्कुल ठीक होईल."

"गाडी लागलेली मुलं मी सहलीला नेली आहेत. हे ते नाही. सरळ दिल्ली. मोठा सरकारी दवाखाना, लहान मुलांचा."

"पण आई, डॉक्टरने बोललं ना, ठंडी आहे..."

जावयाच्या गाडीत सासूने आवाज चढवू नये, असं माझी आई सांगायची. मी चढवला. "त्या डॉक्टरने तिला तपासलं नाही! मी पंधरा दिवस तपासतेय. ही झोपेत ओली होते, खाऊन वाळते, पाणी पिऊन सुकते. आता श्वास बघा तिचा!"

ढाबेवाला, म्हातारे गृहस्थ, ट्रकवाले सगळे बघत होते. अशोकराव गोंधळून उभे होते. रेखा अनूजवळ वाकली, तिच्या तोंडाशी नाक नेलं आणि सरळ झाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज ऑफिसातला होता.

"अशोक, गाडी फिरव. आत्ता."

पराठे तसेच राहिले. म्हाताऱ्यांनी ढाबेवाल्याला सांगून बाटलीभर गार पाणी आमच्या गाडीत ठेवलं. परतीच्या वाटेवर अशोकरावांनी अशी गाडी हाकली की एरवी मी जीव मुठीत धरला असता. मी अनूला सारखी बोलती ठेवत होते. "तहान येते का लागते?" विचारलं की डोळे मिटून म्हणायची, "लागते." मागच्या काचेतून आग्र्याचा रस्ता लांब होत गेला आणि मी प्रार्थना म्हणत राहिले. प्रभू, माझी एक चूक झालीय, दुसरी होऊ देऊ नकोस.

वॉर्ड

सरकारी दवाखान्यातली गर्दी काय सांगू. पण लहान मुलांच्या विभागात एक लांब वेणीची तरुण डॉक्टरीण होती. तिने अनूकडे एकदा पाहिलं आणि लेखणी खाली ठेवली. रेखाने सांगायला सुरुवात केली, पण दोन शब्दांपुढे जाईना, मग मीच माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं. किती वेळा जाते, किती करते, रात्री उठते, ओली होते, किती पाणी पिते, कशी वाळली, कधीपासून दमते.

तिथेच लघवी घेतली. काचेच्या नळीत निळं पाणी, त्यात लघवीचे थेंब, खालून दिवा. नळी तापली आणि निळा रंग हिरवा झाला, पिवळा झाला आणि शेवटी विटेसारखा लाल. लघवीत साखर असली की असा होतो, हे नंतर कळलं. डॉक्टरीणबाईंनी लगेच बोटाचं रक्त घेतलं आणि अनूला आत नेलं. सलाईन लागलं. इन्सुलिन लागलं. लहान मुलांचा मधुमेह. मला तर हा म्हाताऱ्यांचा आजार वाटायचा.

दीड तासाने त्या बाहेर आल्या. रेखाला म्हणाल्या, "शरीर में इन्सुलिन बनना बंद हो गया है. शक्कर खून में जमा होती है, पेशाब से निकलती है और पानी को साथ खींच ले जाती है. इसलिए पेशाब, इसलिए प्यास."

"मैंने पानी बंद किया था," रेखा म्हणाली आणि भिंतीला टेकून रडायला लागली.

"आपको मालूम नहीं था. अब मालूम है." डॉक्टरीणबाईंनी तिचा खांदा धरला. "आप टाइम पर आ गए. शाम तक रुकते तो मैं यह नहीं कह पाती. वापस चलने को किसने कहा?"

अशोकरावांनी माझ्याकडे बोट केलं.

"आप क्या करती हैं, माताजी?"

"मैं बालवाडी की बाई," मी म्हटलं.

त्या जरा गोंधळल्या. "बाई? किसके घर?"

दिल्लीत बाई म्हणजे धुणीभांडी करणारी, हे मला काय ठाऊक! आणि त्यात लाजण्यासारखंही काही नाही. पण अशोकराव, जे ढाब्यापासून माझ्याशी धड बोलले नव्हते, ते ताठ उभे राहिले. "टीचर हैं, डॉक्टरसाहब. छोटे बच्चों की. इकतीस साल."

दोन दिवसांनी अनूने नीट डोळे उघडले. सगळ्यात आधी विचारलं, "आजी, ताजमहाल आला का?" वॉर्डातल्या आया हसल्या. रेखाही हसली, पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

त्या वॉर्डात आम्ही दहा दिवस काढले. डॉक्टरीणबाईंना मी मोकळ्या वेळी खोदून खोदून विचारलं, कारण नगरला जाऊन मला सांगायचं होतं. त्या म्हणाल्या, सारखं शूला जाणाऱ्या बहुतेक मुलांना काही मोठं नसतं, घाबरू नका. पण लघवीची साधी तपासणी करायला काय जातं? ती करून घ्याच. जळजळ, ताप, कंबर-पोट दुखणं, लघवीत रक्त, यातलं काही असलं तर थांबू नका. कोरडं झोपणारं मूल पुन्हा ओलं व्हायला लागलं, सारखं पाणी मागू लागलं, खाऊनही वाळू लागलं, दमू लागलं तर त्याच दिवशी दाखवा. आणि ओकाऱ्या, पोटदुखी, गुंगी, खोल श्वास, तोंडाला फळांसारखा वास, हे दिसलं तर एक मिनिटही घालवू नका. मी विचारलं, आमच्याकडे म्हणतात लघवीला मुंग्या लागल्या तर साखर असते, ते खरं का? त्या हसल्या. "चींटी के भरोसे मत बैठिए, माताजी. जाँच कराइए."

हिवाळा

तीन आठवड्यांसाठी गेलेली मी, नाताळ उलटून गेला तरी तिथेच होते. थंडी अशी की सकाळी खिडकीबाहेरचं उसाचं शेत दिसायचं नाही. पण घरातला कारभार मला आजही डोळ्यांसमोर दिसतो. इन्सुलिनची बाटली फ्रीजच्या दारात. सुई टोचायला रेखा आधी धजेना. नर्सने सांगितल्याप्रमाणे ती संत्र्यांवर सराव करायची. टोपलीभर संत्र्यांना तिने टोचलं असेल. अशोकरावांना पहिल्या दिवशी सुई बघूनच घाम फुटला, खुर्चीवर बसावं लागलं. आठवड्याभरात तेच ऑफिसला जायच्या आधी अनूला टोचून, तिच्या गालाची पापी घेऊन जाऊ लागले. मी शिकले ते चष्मा लावून, प्रभूचं नाव घेऊन.

आणि अनू! सकाळी ती स्वतः नळी आणून द्यायची. निळ्या पाण्यात आठ थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. चौघंही नळीकडे टक लावून बसायचो. आधी पिवळा यायचा, मग हिरवा येऊ लागला. एका सकाळी नळी तापली, उकळी फुटली आणि रंग बदललाच नाही. अनू पलंगावर उभी राहून ओरडली, "निळा! आजी, निळा राहिला!" खालच्या मजल्यावरच्या शर्मा आंटी घाबरून वर आल्या.

टोचायची जागाही तीच ठरवायची. "आज डावी मांडी. कल राइट." रडायची, नाही असं नाही. पण पाय हलवायची नाही. मी सैनिकांच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या आहेत मुलांना. एवढं शूर मूल मी माझ्या पस्तिसांत कधी पाहिलं नव्हतं.

नाताळाला करंज्या केल्या. डॉक्टरीणबाईंना विचारून अनूला एक दिली. ती अर्धा तास एकच करंजी पुरवत बसली होती.

जानेवारीत शाळा सुरू व्हायची होती. रेखाने रजा टाकली आणि सरळ मुख्याध्यापिकेकडे गेली. मी बाहेर बाकावर. इंग्रजी मला कळत नाही, पण आवाज कळतो. आधी रेखाचा हळू आवाज, मग बाईंचा वरचढ, मग रेखाचा, न चढता, न थांबता. पंधरा मिनिटांनी ती बाहेर आली.

"काय झालं?"

"अनू केव्हाही जाईल. पाण्याची बाटली बाकावर राहील. अकरा वाजता डबा खाईल. बाईंना साखर उतरल्याची लक्षणं लिहून दिलीत." ती पर्स बंद करत म्हणाली, "आणि आई, सगळ्याच मुलांना जाऊ देणार आहेत. मी म्हटलं, फक्त माझ्या मुलीसाठी नियम नको. कुणाला काय असेल कुणाला माहीत."

 

निघायच्या आधीचा आठवडा

माझं तिकीट काढून झालं होतं. शेवटची म्हणून दवाखान्यातल्या तपासणीला मीही गेले. बाहेर लांबलचक ओळ. आमच्यापुढे दहा-बारा जण होते आणि जवळच जमिनीवर एक बाई बसली होती, बुलंदशहराकडची. अंगावर जाड शाल, मांडीवर तीनेक वर्षांची मुलगी. मुलगी पेंगत होती. मध्येच उठून पाणी मागायची. बाई कातावून म्हणाली, "अभी तो पिया था. फिर मूतेगी."

माझी मान वळली. पण माझ्याआधी रेखा उठली होती. अनूला माझ्या मांडीवर देऊन ती त्या बाईशेजारी जमिनीवरच बसली, ऑफिसच्या चांगल्या साडीनिशी.

"बहनजी, रात को कितनी बार उठती है?"

"गिनती नहीं."

"पहले सूखी सोती थी?"

"हाँ. अब महीने भर से बिस्तर गीला."

"दुबली हुई है?"

त्या बाईने शालीखालून मुलीचा हात बाहेर काढून दाखवला. रेखाने वाकून मुलीच्या तोंडाजवळ नाक नेलं. मग ती उभी राहिली, मुलीला उचललं, बाईचा हात धरला आणि अख्ख्या ओळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "रास्ता दीजिए. यह बच्ची पहले जाएगी."

कुणीतरी कुरकुरलं. रेखाने वळूनही पाहिलं नाही. दार ढकलून आत गेली.

मी बाकावर अनूला धरून बसले होते. शेजारच्या म्हातारीने मला विचारलं, "यह डॉक्टरनी है क्या?"

"नहीं," मी म्हटलं. माझं हिंदी कच्चं, पण एवढं वाक्य मी सावकाश आणि स्पष्ट म्हटलं, तिला नीट ऐकू जावं म्हणून.

"वो मेरी बेटी है."